हाळाचे वाटे

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या दिवशी शेताची वाटणी करू नये, असं केवळाबाईचं म्हणणं होतं. पण येळवस सोडली तर तिचे तिन्ही लेक एका बांधावर कधी उभे राहत नाहीत, हेही तिचंच म्हणणं होतं. तेव्हा जेवणं आधी आणि वाटणी मागून, असं ठरलं.

जेवणं झाली. कडब्याच्या कोपीत पूजेचे पाच दगड, म्हणजे पाच पांडव, चुना-काव लावून बसले होते. समोरच्या मडक्यातली आंबील निम्म्यावर आली होती आणि भज्जीच्या पातेल्याचा तळ दिसत होता. नांदेडहून आलेला मधला बालाजी आणि लातूरहून आलेला धाकटा रविकिरण सतरंजीवर पोटावर हात ठेवून बसले होते. लातूर जिल्ह्यात या दिवशी एखादा माणूस शहरात दिसला, तर तो आजारी तरी असतो नाहीतर पोलीस तरी.

थोरली सून सिंधू भांडी गोळा करत होती, पण तिचं ध्यान उद्याच्या साडेनऊच्या नांदेड गाडीकडं होतं. नांदेडला दिलेल्या लेकीला, पुनमला, नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण डॉक्टरनं पुनमला पलंगावरून उठायचीसुद्धा बंदी केली होती. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानंच लेकीकडं जायचं ठरलं. "येळवस झाली की दुसऱ्या दिवशी निघते. मग दोन महिने हलत न्हाई," असं सिंधूनं फोनवर सांगितलं होतं. त्यावर पुनम म्हणाली होती, "आई, तू आजपर्यंत दोन रात्री तरी कुठं राहिलीस का?" सिंधूनं आठवून पाहिलं. राहिली नव्हती.

पिशवी भरलेली होती. राहिला होता फक्त हाळ, रस्त्याकडचा जनावरांच्या पाण्याचा दगडी हौद.

सिंधूच्या नवऱ्यानं, थोरल्या भागवतनं, सकाळीच फक्कीच्या रेषा मारून बारा एकरांचे तीन वाटे घातले होते. रस्त्याकडचा, मधला आणि ओढ्याकडचा. दिवाळीत ट्रॅक्टरवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात गळ्यात होता, म्हणून डाव्या हातानं मारलेल्या रेषा जरा वाकड्या आल्या होत्या. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही या घराची रीत. त्यामुळं थोरल्याला वाटे सारखेच घालावे लागतात. रविकिरणनं रस्त्याकडचा उचलला. बालाजीनं मधला. ओढ्याकडचा भागवतला राहिला आणि तो "बरं" म्हणाला. विहिरीचे तास ठरले. चार आंबे आणि एक चिंच ठरली. तासाभरात सगळं उरकलं, कुणाचा आवाज चढला नाही. केवळाबाईला त्याचाच संशय आला होता. ती प्रत्येक लेकाच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहत होती.

बालाजी नांदेडच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. घरातल्या बैठकीचंही तो इतिवृत्त लिहितो. त्यानं "सर्वानुमते" हा शब्द चौथ्यांदा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं.

"झालं मग," तो म्हणाला.

"हाळ राहिला," सिंधू म्हणाली.

"हाळाचं काय, वहिनी?" रविकिरण म्हणाला. "तो रस्त्याकडं हाय, म्हंजे माझ्या वाट्यात आला. राहू द्या की. मी काय काढून टाकणार न्हाई. उलट कडेनं रंग मारून घेतो. आजोबांचं नाव टाकू."

"रंगाचं म्हणत न्हाई मी. पाणी कोण घालणार?"

"पाणी?" रविकिरणनं भावाकडं पाहिलं, मग वहिनीकडं. "पाणी कशाला घालायचं त्यात? त्याला खालून झरा हाय की."

बाहेर ज्वारीवर पाखरं बसली होती, ती उडाली.

रविकिरण लातुरात चारशे मुलांना फिजिक्स शिकवतो. द्रवाचा दाब हे प्रकरण तो अडीच तासांत संपवतो. मुलं म्हणतात, सरांनी शिकवलेलं जन्मात विसरत नाही.

"झरा?" भागवत म्हणाला.

"मग? लहानपणापासून बघतो मी. उन्हाळ्यात ओढा आटतो, विहीर तळाला जाते, पण हाळ कधी रिकामा बघितलाय का आपण?"

बालाजीला हसू आवरेना. "अरे येड्या, झरा कुठला आलाय! चारशे पोरांचं नुकसान करून राहिलास तू. ग्रामपंचायतीचं पाणी हाय ते. मागून नळ जोडलाय."

"न्हाई," भागवत म्हणाला.

"काय न्हाई?"

"नळ न्हाई."

बालाजीचं हसू हळूहळू ओसरलं. त्याची बायको आरती पातेलं पुसत होती. ती हळूच म्हणाली, "मला तर वाटायचं, पावसाचंच साठून राहतं." मग हा महिना डिसेंबरचा आहे हे तिच्या लक्षात आलं आणि ती पातेलं पुन्हा पुसू लागली.

सिंधूला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. तो आला नाही. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती आली, तेव्हा रविकिरण दहा वर्षांचा होता आणि याच हाळात कागदाच्या होड्या सोडायचा. साठ घागरी पाणी. मोटार चालू असली तर पाऊण तास. वीज नसली तर रहाटानं, मग त्याला तास मोजायचा नसतो. दर आठ दिवसांनी उपसून, शेवाळ घासून, चुना मारायचा. मल्लेशची दोनशे मेंढरं, वस्तीवरच्या म्हशी, कुणाच्याच नसलेल्या गाई, संध्याकाळी वानरं. ही पोरं लहानपणापासून शिकायला बाहेरगावी, सुट्टीला यायची तेव्हा हाळ भरलेला असायचा. ज्याला हाळ कायम भरलेलाच दिसला, तो कशाला विचारील?

तिला राग आला तो नवऱ्याचा.

"तुम्ही ह्यांना कधी सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं त्यात?" भागवत म्हणाला. "जेवलो म्हणून कुणी सांगत फिरतं का?"

"आत्ता सांगायची येळ आली ना?"

यावर भागवतनं गळ्यातला पट्टा सारखा केला.

मग केवळाबाईनं सांगितलं. आपल्या सासऱ्यांची, म्हणजे गुंडप्पाची गोष्ट लेकांनी अनेकदा ऐकली होती. तेव्हा ती गोष्ट होती, आज तिला काम चिकटलं होतं. दुष्काळाच्या साली उदगीरच्या बाजाराहून परतणारा कुणाचा तरी बैल या बांधाशी बसला तो उठलाच नाही. पुढच्या गावापर्यंत जनावराला पाणी नव्हतं. गुंडप्पानं दगड फोडून हाळ बसवला आणि बैलाच्या मालकाला म्हणाला, माझ्या घरात माणूस हाय तोवर हा कोरडा पडणार न्हाई.

"लिहून दिलं होतं का?" बालाजीनं विचारलं.

"बोलून दिलं होतं," केवळाबाई म्हणाली.

"आता कोण चालत नेतंय बैल बाजारला? सगळे पिकअपमध्ये जातात."

"मेंढरं पिकअपमध्ये चरतात का रं?"

बालाजीनं पेनाचं टोपण काढलं. सगळे सरसावून बसले आणि मग जबाबदारीचा नुसता पूर आला. रविकिरण म्हणाला, आपण फ्लोट व्हॉल्व्ह बसवू, मोबाइलवरून मोटार चालवू. भागवत म्हणाला, व्हॉल्व्ह दोनदा बसवला होता, वानरांनी दोनदा तोडला. रविकिरण म्हणाला, मग मी माणूस ठेवतो.

"माणूस तू ठेवशील," केवळाबाई म्हणाली, "पर त्या माणसाला जाग्यावर कोण ठेवंल? तू लातुरात."

बालाजी म्हणाला, रिटायर झाल्यावर मी इथंच येऊन राहणार आहे, तेव्हा हाळ माझ्याकडं. रिटायर व्हायला त्याला सहा वर्षं होती. आरती म्हणाली, मुलांच्या परीक्षा झाल्या की मी पंधरा दिवस येते. रविकिरण म्हणाला, मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की मी पूर्ण मोकळा. सगळे मनापासून बोलत होते. बालाजीनं झरझर लिहून वाचून दाखवलं : "हाळाची जबाबदारी सर्व कुटुंबीयांनी सर्वानुमते सामूहिकरीत्या स्वीकारली."

"भाऊजी," सिंधू म्हणाली, "सामूहिक म्हंजे कोण?"

"म्हंजे सगळे, वहिनी."

"बरं. मग उद्या सकाळी सगळ्यांतलं कोण येणार?"

बालाजीनं कागदाकडं पाहिलं. कागदात ते नव्हतं.

"उद्या माझ्याकडं तपासणी आहे," तो म्हणाला.

"उद्या माझी बॅच आहे, अकराची," रविकिरण म्हणाला.

तेव्हा भागवत बोलला. त्यानं बोलायला नको होतं. "तू आठ दिवसांनी जा की, सिंधू. तोवर काहीतरी मार्ग निघंल. पुनमचा नवरा हाय तिथं."

सिंधू उभीच होती. तिनं हातातली ताटं खाली ठेवली. आवाज न करता ठेवायची तिला सवय होती. आज आवाज झाला.

"मी पुनमला उद्या म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "गुंडप्पाचा शब्द शब्द, अन् माझा काय मग?"

भागवतनं आईकडं पाहिलं. घरात वाद झाला की केवळाबाई लेकांच्या बाजूनं बोलायची. इतक्या वर्षांत तिनं हा नियम मोडला नव्हता, हे सुनांना पाठ होतं. सिंधूनं ताटं उचलायला पुन्हा हात घातला.

"राहू दे ती ताटं," केवळाबाई म्हणाली. तिचं लक्ष ओढ्याकडं होतं. "भोकरला माझी माय अंथरुणाला खिळली. निरोप आला, लेकीला बघायचं म्हणती. उन्हाळा होता. हाळ सोडून कसं जाऊ म्हणून राहिले. ह्यो म्हणायचा आठ दिसांनी जा." ह्यो म्हणजे तिचा नवरा. "मायनं चार दिस वाट बघितली. पाचव्या दिशी दुसरा निरोप आला. त्या दिशीबी मी हाळ भरूनच निघाले."

आरतीनं पुसलेलं पातेलं खाली ठेवलं.

"गुंडप्पानं शब्द दिला, तो मोठाच माणूस," ती म्हणाली. "पर हाळ सुनांनी भरायचा, असा शब्द त्यानं दिला नव्हता. ते तुम्ही लोकांनी मागून ठरवलं. ते तेवढं सर्वानुमते झालं न्हाई, बाल्या, ते लिही."

बालाजीनं लिहिलं नाही, पण पेन खाली ठेवलं.

सिंधूला एकदम सुचलं. ती सतरंजीवर बसली, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या बैठकीत बसली.

"दोन महिने मी न्हाई," ती म्हणाली. "साठ दिस. ह्यांच्या हाताचा पट्टा चाळीस दिसांनी निघतोय. शेवटचे वीस ह्यांचे."

"माझे," भागवत लगेच म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"राहिले दोन वाटे. उद्यापासून वीस, अन् त्याच्या पुढचे वीस. थोरल्या घरानं वाटे घातलेत. आता रीतीपरमानं धाकट्यानं आधी उचलायचा."

सगळ्यांनी रविकिरणकडं पाहिलं. मघाशी रस्त्याकडचा वाटा उचलताना त्याला ही रीत फार शहाणपणाची वाटली होती.

"मी पुढचे वीस घेतो," तो म्हणाला. "म्हणजे मला बॅचचं नीट प्लॅनिंग करता येईल."

"मग उद्या मी?" बालाजी म्हणाला. "तपासणीचं काय करू? साहेबाला काय सांगू, मेंढरं तहानलीत?"

"दादा, मी काय टाळत न्हाईये. फक्त उद्या..."

"रव्या," केवळाबाई म्हणाली, "तुझा तो इडिओ येतो बघ रोज सकाळी फोनवर. पुनम मला लावून दिऊन गेलीय. मी ऐकते. कळत न्हाई निम्मं, पर ऐकते. त्यात काय म्हणतोस तू पोरांना? उद्याचं काय म्हणतोस?"

रविकिरण सतरंजीची कड चाचपू लागला.

"सांग की. मला पाठ हाय, पर तू सांग."

"‘उद्या’ हा शब्द डोक्यातून काढून टाका, असं म्हणतो," रविकिरण म्हणाला.

"पोरं काढतात का?"

"काही काढतात."

"बरं करतात," केवळाबाई म्हणाली.

रविकिरणनं फोन काढला. बॅच अकराऐवजी साडेबाराला, असा मेसेज त्यानं चारशे मुलांना पाठवला. लगेच मुलांचे अंगठे येऊ लागले. "उद्यापासूनचे वीस माझे," तो म्हणाला. "सकाळी हाळ भरून निघेन, रात्री परत येईन. काय काय करायचं ते सांगा वहिनी, लिहून घेतो."

सिंधूनं सांगितलं. उद्या आठवा दिवस आहे, म्हणून आधी उपसून घासायचं आणि मग भरायचं, हेही सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं.

सकाळी सहाला सिंधू त्याच्याबरोबर हाळाकडं गेली. गाव मागं राहिलं, नांदेडच्या रस्त्याला अर्धा कोस. या आठवड्यात मोटारीची वीज रात्रीची होती, म्हणजे रहाट. रविकिरणनं पायांत बूट घातले होते. मग काढले. पहिल्या वीस घागरी त्यानं ज्या झपाट्यानं ओढल्या, ते पाहून सिंधूला काळजी वाटली. पुढच्या दहा त्यानं हळू ओढल्या. मग तो हाताकडं पाहत बसला.

मल्लेश मेंढरं घेऊन आला. पुढची मेंढी हाळाशी गेली, तिनं पाण्याला नाक लावलं आणि मागं सरली. तिच्यामागच्या सगळ्या थांबल्या.

"काय झालं?" रविकिरणनं विचारलं.

"घासला न्हाई जी तुम्ही," मल्लेश म्हणाला. "तळाला बुळबुळ हाय. वास येतो तिला."

"आधी भरून घेऊ, मग घासू, असा विचार होता."

"भरल्यावर कसं घासणार?"

रविकिरणनं यावर विचार केला. द्रवाचा दाब इथं उपयोगाचा नव्हता. काल सांगितलेलं आज पुन्हा सांगायचं नाही, असं ठरवून सिंधू बाजूला उभी होती. त्यानं बादली घेतली आणि स्वतः भरलेलं पाणी स्वतः उपसायला लागला. मल्लेश बांधावर बसला. मेंढरं उभी राहिली. त्यांना कुठं जायचं नव्हतं.

आठ वाजले. हाळ रिकामा झाला. रविकिरण आत उतरून गुडघ्यावर बसला आणि ब्रशानं दगड घासू लागला. घासता घासता त्यानं एकदा तळावरून हात फिरवला, चारी कोपऱ्यांत. सिंधूला कळलं, तो झरा बघत होता.

"न्हाई ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला.

तो पुन्हा रहाटाशी आला तेव्हा साठातली एकही घागर भरलेली नव्हती आणि साडेआठ झाले होते. दोन्ही तळहातांना फोड आले होते. त्यानं सिंधूकडं पाहिलं.

"वहिनी, जरा..."

"काय?"

तो थांबला. "काही न्हाई. तुमची गाडी जाईल."

सिंधूचा हात रहाटाच्या दोराकडं गेला होता. आपण कधी हात पुढं केला, हे तिलाही कळलं नव्हतं. दहा घागरी ओढल्या असत्या तर काय बिघडलं असतं? दहा झाल्या की वीस होतात, आणि वीस झाल्या की गाडी दुपारची होते, आणि दुपारची गाडी उद्याची. तिला हा हिशेब चांगला माहीत होता. कोरडाच हात तिनं पदराला पुसला आणि ती घराकडं चालू लागली. मागं रहाट कुरकुरला, थांबला. बऱ्याच वेळानं पुन्हा कुरकुरला.

भागवतनं डाव्या हातात पिशवी घेतली आणि तो गाडीपर्यंत आला.

"गोळ्या येळेवर घ्या," सिंधू म्हणाली.

"हं."

"हाळाकडं जाऊन बघत बसू नका."

"बरं."

"बघितलं तरी हात लावू नका."

"एका हातानं काय लावतोय," भागवत म्हणाला. गाडी आली. तिनं पिशवी घेतली तेव्हा तो म्हणाला, "काल मी बोललो ते बोलायला नको होतं." गाडी सुरू झाल्यामुळं ते तिला ऐकू आलं की नाही, हे त्याला कळलं नाही. तिला आलं होतं.

तिला खिडकीची जागा मिळाली. हाळाच्या बाजूची. गावातून निघाल्यापासून हाळापर्यंत तीन मिनिटं लागतात. बघायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि पिशवीची चेन उघडून मेथीच्या लाडवांचा डबा आहे का, ते पाहिलं. होता. पुन्हा लावून पुन्हा पाहिलं.

गाडीनं करकचून ब्रेक लावला.

"ए, हाकल की लवकर!" चालक खिडकीतून ओरडला. रस्त्यावर मेंढरंच मेंढरं होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मल्लेश काठी आडवी धरून शांतपणे त्यांना रस्ता पार करून देत होता. चालकानं हॉर्न वाजवला. एकही मेंढी बिचकली नाही.

सिंधूनं मग खाली पाहिलंच. मेंढरं तिच्या खिडकीखालून चालली होती. पहिली, दुसरी, दहावी. सगळ्यांची तोंडं ओली होती. हनवटीच्या केसांवरून पाणी ठिबकून रस्त्यावर थेंबांची रांग पडत होती.

हाळाशी रविकिरण पाठमोरा उभा होता. विजार मांड्यांपर्यंत भिजलेली, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. हाळ निम्माही भरला नसावा. तो वर न बघता दोर ओढत होता.

पिशवीत फोन वाजला. पुनम होती.

"आई, निघालीस का गं? खरं सांग."

"निघाले," सिंधू म्हणाली. "मेंढरं आडवी आल्यात. जरा येळ लागंल."